‘येतंय’ तसंच राहील

नमस्कार. प्रसादच्या आई इथे आहेत, सोसायटीतले सगळे आहेत, आमची गाणी ऐकणारेही थोडेफार आहेत. एवढी माणसं आमच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. माफ करा, तोंड कडू झालंय. मला बोलायचंच नव्हतं. पण मी बोलले नाही तर दुसरंच कोणीतरी भलतंच बोलून जाईल.

मी मेघा. ‘तिसरा मजला’ या आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. प्रसाद गाणी लिहायचा आणि गायचा. डेंग्यू झाला आणि आठवड्याभरात संपलं सगळं. आमचा पहिला अल्बम रेकॉर्ड होऊन तयार आहे. तो त्याने पूर्ण गायलाय, हे नीट ऐकून ठेवा. पूर्ण.

बँडचं नाव इथलंच, गोरेगावातलं. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या घरी आम्ही सराव करायचो, ड्रमवर गोधडी टाकून. त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, आतून म्हणायच्या, “वाईच हळू वाजव गो, शेजारीण कुरकुरता.” ती शेजारीण आज हार घेऊन आलीय. असो.

अल्बममधलं शेवटचं गाणं आहे ‘मी येतंय’. तुम्हाला वाटेल, व्याकरण चुकलं. आमचे प्रोड्यूसर समीरदादा हे पुढे बसलेत, त्यांनाही तसंच वाटलं. म्हणाले, “अरे, पोरगा ‘येतोय’ म्हणतो. ‘येतंय’ कोण, मांजर?” प्रसाद हसला. म्हणाला, “दादा, आमच्या मालवणीत पुरुषही असंच म्हणतो. घरातून निघताना आईला ‘जातंय’ म्हणायचं नसतं, ‘येतंय’ म्हणायचं. तिला ‘येतोय’ म्हटलं तर विचारेल, तू कोणाचा रे?” दादांनी दिवसभर डोकं खाल्लं. त्याने एकदाही ‘येतोय’ गायलं नाही. हट्टी होता. बरं झालं हट्टी होता.

परवा दादांचा फोन. “मेघा, तो शब्द आता बदलून टाकू. सॉफ्टवेअर आहे, त्याच्याच आवाजात होईल. कोणाला कळणारही नाही.”

कोणाला कळणार नाही, दादा? काकींना कळणार नाही? ज्यांनी तो शब्द रोज दारात उभं राहून ऐकला, त्यांना?

वर म्हणता, त्याच्याच नावासाठी करतोय. तो जिवंत होता तेव्हा तुम्हाला त्याच्याकडून एक अक्षर बदलून घेता आलं नाही. आता तो ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून हिंमत झाली? ज्या तोंडात आम्ही तुळशीचं पाणी घातलं, त्या तोंडात तुम्ही शब्द घालणार? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. मला राग आलाय. खूप राग आलाय. आणि रडू येतंय म्हणून आणखी राग येतोय.

माझ्यानंतर दादा बोलणार आहेत. अल्बमची घोषणा करणार आहेत म्हणे. जरूर करा. पण आधी काकींकडे बघून सांगा, त्याने गायलंय तसंच राहील.

चला, सगळे उभे राहू या. काकी, तुम्ही बसा. एरवी दोन मिनिटं उभं राहतात. आज तसं नको.

दादा हो म्हणेपर्यंत गप्प उभं राहायचं.