पडदा

तळोद्याच्या स्टँडवर जीप अजून भरायची होती. पुढच्या सीटवरच्या संध्याताईंना मागच्या मायलेकींचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. लेक सुट्टी संपवून वसतिगृहावर परत चालली होती.

"खाई ले ना वं काजल. सकायपाईन पोटमा काही नई."

"माले भूक नई शे."

"सुट्टीमाबी काही खादं नई तू. तठे कोनी काही बोलनं का?"

"नई. सर ते मन्हं कौतुक करतस."

"मंग?"

"तपासनीले साहेब येतस तवय माले पहिली रांगमा बसाडतस. एरवी मी मांगेच ऱ्हास, भिंतजोडे."

"पुढे बसाडतस ते चांगलंच शे ना! खायेल-पियेल पोर दिखस तू."

"सरबी तेच सांगतस. साहेब, देखा आमना जेवनना गुन! मंग साहेब मन्हा गाल वढतस, नि सर्वा हासतस."

"हासू दे. त्यासना जीव जळस."

"मन्हामांगे वाळेल पोरी बसाडतस, माय. ज्या आजारी ऱ्हातीस त्या. साहेबले दिखाले नको म्हनीसन."

संध्याताईंना वाटलं, आता माय काहीतरी बोलेल.

"पोरी माले पडदा म्हनतीस."

भाकरीचं फडकं सोडल्याचा आवाज आला.

"अर्धी तरी खाय. तुले मन्ही आन शे."

"आन नको घालू, माय. सोमवारे साहेब येनार शेतस. तवपर्यंत माले इतलं वाळनं शे, का मन्हामांगली पोर साहेबले दिखनी पाहिजे."