शून्य तक्रारींचं गाव

शेटिल : हसू नकोस, आत्या. जिल्ह्यातल्या सगळ्या पालिकांच्या गुणतालिकेत आपलं हेल्लेवोग शेवटचं. आणि पहिलं कोण, तर खाडीपलीकडचं नूरसुंड!

बोर्गहिल्ड : नूरसुंड? तिथे बर्फावर वाळूसुद्धा टाकत नाहीत. गेल्या हिवाळ्यात धक्क्यावरच आपटले मी.

शेटिल : मग तक्रार केलीस?

बोर्गहिल्ड : छे. उठवायला आला त्या माणसाचीच माफी मागितली.

शेटिल : बघ! तिथले लोक ढिगानं तक्रारी करतात, पालिका त्या मिटवते आणि गुण मिळवते. आपण मिटवल्या शून्य.

बोर्गहिल्ड : अरे, पण आपल्याकडे आल्याच कुठे?

शेटिल : तेच मी जिल्ह्याच्या अधिकारी बाईंना परोपरीनं सांगितलं. आमच्याकडे नळ गळला की शेजारीच पाना घेऊन येतो, बर्फ साचला की सगळे मिळून फावडी मारतात. त्या म्हणाल्या, छान आहे, पण तुमचा रकाना रिकामा आहे.

बोर्गहिल्ड : असू दे रिकामा. नगराध्यक्ष झालास म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं? वॅफल खा, गार होतंय.

शेटिल : शेवटच्या पालिकेला शेजारच्या पालिकेत विलीन करणार आहेत, आत्या, म्हणजे आपल्याला नूरसुंडमध्ये. मग वृद्धाश्रम खाडीपलीकडे जाईल. म्हणजे आतोबाही.

बोर्गहिल्ड : इंगवाल्ड? मी रोज चालत जाते त्याच्याकडे. वादळात फेरीबोट बंद पडली की काय करू?

शेटिल : म्हणून तर आलोय. एक तक्रार कर, लेखी. आजच मिटवतो. आली एक, मिटली एक, शंभर टक्के! नूरसुंड चाट पडेल.

बोर्गहिल्ड : गावात तोंड कसं दाखवू मग? तुझ्या आजीचा पाय मोडला, तरी ती "जरासं दुखतंय" एवढंच म्हणाली होती.

शेटिल : सगळीकडे हेच ऐकून आलो. पाद्रीबुवा म्हणाले, मी देवाकडेही करत नाही.

बोर्गहिल्ड : खोटी तक्रार मी करणार नाही.

शेटिल : मग खरी कर. काहीतरी असेलच की.

बोर्गहिल्ड : नको. तुला वाईट वाटेल.

शेटिल : मला? आता तर सांगच.

बोर्गहिल्ड : वृद्धाश्रमासमोर तू तो भला मोठा फलक लावलास ना, "हेल्लेवोगमध्ये सगळे सुखात आहेत". इंगवाल्डला खिडकीतून माझ्या स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा. दिवा लागला की हात हलवायचा म्हणे. माझं नाव विसरला, पण दिवा नाही विसरला. आता त्याला फलकाची पाठ दिसते. परिचारिका सांगते, रोज संध्याकाळी विचारतो, घरी कुणी नाही का?

(शेटिल वॅफलची बशी बाजूला सारतो.)

शेटिल : दोन वर्षं झाली त्या फलकाला. बोलली का नाहीस?

बोर्गहिल्ड : फीत कापताना किती खुशीत होतास तू. म्हटलं, पोराच्या आनंदावर विरजण कशाला घालू?

शेटिल : आत्ता जाऊन उपटून टाकतो.

बोर्गहिल्ड : बस खाली. आधी तक्रार लिहून घे. तो नूरसुंडला गेला, तर फलक काढूनही त्याला काय दिसणार?