पंपाचं चौथं अपडेट

म्हैसूरच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी नागरत्नम्मा, त्यांचे यजमान, यजमानांच्या पोटाला लावलेला इन्सुलिनचा पंप आणि समोर पंपाच्या कंपनीचा माणूस.

"अम्मा, हे अपडेट अगदी सुरक्षित आहे. फक्त 'हो' दाबा."

"मागचंही सुरक्षितच होतं. त्यानं दुप्पट औषध सोडलं आणि साखर उतरून हे स्वयंपाकघरात कोसळले."

"त्याबद्दल कंपनीनं माफीचं पत्र पाठवलं ना?"

"त्याच्या आधीच्याचंही आलं होतं. दसऱ्यात आयुधपूजेला मिक्सरबरोबर पंपालाही कुंकू लावलं, बाबा. आमच्याकडून आणखी काय राहिलं?"

"अगं, दाब की. किती ताटकळवतेस त्याला!"

"तुम्ही गप्प बसा. त्या दिवशी मला ओळखतसुद्धा नव्हतात. काय रे, नाहीच दाबलं तर?"

"जुनं रविवारी बंद पडेल, अम्मा."

"आणि दाबल्यावर तू पळणार."

"नाही हो. संध्याकाळपर्यंत तुमच्याजवळच बसायचं, असा नवा नियम आहे. विश्वास परत मिळवायचाय आम्हाला."

"त्या पिशवीत काय आहे?"

"कंपनीकडून भेट."

"उघड बघू."

"ग्लुकोजचे पुडे आहेत, अम्मा."

"किती?"

"सहा."

"त्यातला एक फोडून हातात धर. मग दाबते."