एक बाटली जास्त

विक्रोळीच्या दूध केंद्रासमोर सकाळची रांग होती. माझ्या पुढे दोघी शेजारणी.

"प्रेमा, तुझ्या कार्डावरची एक बाटली आजही मला दे गो."

"घ्या ना, काकी. ती गोरी अजून आहेच का घरात?"

"उद्या दुपारी सहारवरून विमान आहे तिचं. मालवणच्या एसटीत शेजारी बसलेली, तापाने फणफणली होती. एका रात्रीपुरती आणली, आज आठवा दिवस."

"एवढा देश फिरायला आली नि शेवटचे आठ दिवस आपल्या चाळीत?"

"ताप उतरल्यावर म्हटलं, जा बाई, मुंबई बघून ये. उठली नाही. तांदूळ निवडत बसते माझ्याबरोबर."

"बोलता काय दोघी?"

"ती तिचं बोलते, मी माझं बोलते."

"तिकडे तिच्या देशात उतरल्यावर न्यायला कोण येणार तिला?"

"खुणेने विचारलं. कोणी नाही, म्हणते. काल पाठीवरची ती भलीमोठी पिशवी भरली आणि हातात झाडू घेतला. मी ओढूनच घेतला."

"का? झाडू दे की तिला."

"लांब निघालेल्या माणसाने झाडू धरू नये, नि ते पोचेपर्यंत घरच्यांनीही केर काढू नये. उद्यापासून मीसुद्धा झाडणार नाही."

"पोचली ते कळणार कसं?"

"पत्र टाकेल. पंधरा दिवस, महिना."

"महिनाभर? घराची पार वाट लागेल, काकी!"

"नाही गो. उद्यापासून घरात मी एकटी. एका माणसाचा केर तो केवढा होणार?"