नयनची तहान

(यवतमाळमधला लहान मुलांचा दवाखाना. खाटेवर दीड वर्षाचा नयन. त्याची आई जया, जयाची आई धुरपताबाई आणि डॉक्टरबाई.)

जया : पन मुतत तर होता ना तो, डॉक्टर! दुपटं ओलंच राहे. म्हून मले वाटलं, पानी हाये याच्या आंगात.

डॉक्टर : आधीच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. ताप दिसला, उलट्या दिसल्या. पाणी अंगात थांबतच नाही, हे कळलं नाही.

जया : किडनी खराब हाये का त्याची?

डॉक्टर : किडनी तशी धड आहे. बघा, अंगातलं पाणी कमी झालं की मेंदू रक्तातून एक रसायन पाठवतो. निरोपच म्हणा : पाणी वाचवा. किडनीच्या पेशीवर तो घेणारी एक जागा असते, रिसेप्टर. तिनं घेतला की पेशीच्या आत दुसरा निरोप्या तयार होतो. तो आतल्या आत खबर देतो, मग पाणी परत घ्यायच्या वाटा उघडतात.

जया : मंग याच्या मेंदूनं पाठवलाच नाई?

डॉक्टर : सारखा पाठवतोय. तेच रसायन आम्ही औषध म्हणून बाहेरूनही देऊन पाहिलं. पण घेणारी जागाच जन्मापासून बिघडलेली. आत कोणाला पत्ताच नाही.

जया : पान्यानं भरला गंज दिसला का झोंबे, बाप्पा. रांगत न्हानीत जाये अन् बादलीत तोंड घाले. आमी हासो.

धुरपताबाई : संघदीपबी घाले.

जया : कोन संघदीप?

धुरपताबाई : तुहा भाऊ, तुह्या आंधीचा. त्याच्या आंधी बादल. दोघंही उन्हाळ्यातच गेले, वाळून वाळून. लोक म्हनत, नजर लागली.

जया : मले काहून नाई सांगतलं, माय?

धुरपताबाई : कायले सांगू? लेकराचं नाव घेतलं का घास उतरत नाई माहा.

डॉक्टर : आजी, हा दोष आईकडून मुलाकडे येतो. मुलींना बहुतेक काही होत नाही, पण त्यांच्यातून पुढे जाऊ शकतो.

धुरपताबाई : म्हंजे माह्यातून?

डॉक्टर : त्यात तुमची चूक नाही.

धुरपताबाई : नसंन. पन आलं तर माह्यातूनच ना?

जया : आता पानी देत राह्यलं तर होईन ना बरा?

डॉक्टर : भरपूर पाणी, कमी मीठ, गोळ्या, यावर मुलं जगतात, शाळेत जातात. नयनच्या बाबतीत उशीर झाला. रक्तातलं मीठ फार चढलं होतं. झटक्यांनी मेंदूला इजा झालीय. तो चालेल, बोलेल, असं मी नाही सांगू शकत.

जया : मले वळखीन?

डॉक्टर : माहीत नाही, जयाताई.

जया : नयन. ए नयन. पाह्य ना इकडं, राजा.

धुरपताबाई : नको हालवू त्याले.

डॉक्टर : तुम्हाला बहीण आहे?

जया : निकिता. नेर गावाले दिली. दिवस भरत आले तिचे.

डॉक्टर : मग तिला आजच कळवा. मुलगा झाला तर जन्मल्याबरोबर तपासू. वेळेत कळलं तर असं होऊ देणार नाही.

जया : माय, लाव फोन.

धुरपताबाई : तू बोल.

जया : माह्याच्यानं नाई होत.

डॉक्टर : द्या, मी सांगते तिला.

धुरपताबाई : नाई. माहीच लेक हाये... हॅलो, निकिता? जेवली का वो, बाई?