डोळे मिटल्यावर

"कथेतली आई दिसतच नाही," म्हणत संपादकांनी कथा परत केली होती. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून दवाखान्यात बसलेल्या लेखिकेच्या डोक्यात तेच घोळत होतं. शेजारी, तशाच डोळे मिटून बसलेल्या दोघी बहिणी हळू आवाजात बोलत होत्या.

"ताई, झोपलीस?"

"नाही गं. आपल्या जुन्या घरी आलेय."

"मीपण येऊ?"

"ये की. दार हळू लाव, बाबा झोपलेत."

"आई कुठंय?"

"मागच्या दारी कपडे वाळत घालतेय. पाठमोरी आहे. खांद्यावर तुझा ओला फ्रॉक."

"हाक मारू?"

"नको, वळून बघेल."

"मग बघू दे ना!"

"चेहरा आठवत नाही गं मला."

"...मलाही."

तेवढ्यात नर्स लेखिकेपाशी आली.

"बाई, उघडा आता डोळे."

"थांबा हो जरा. फ्रॉक अजून खांद्यावरच आहे."