टेबलावरचं टिश्यूचं पाकीट

दुपारी खाद्यगृहात नासी पादांगच्या, म्हणजे भात आणि तिखट कालवणांच्या, रांगेत माझ्यापुढे आमच्याच इमारतीतली दोघं होती. वरच्या मजल्यावर कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिणारी, स्वी लिन आणि हिदायत.

"स्वी लिन, तुझा कोड फाइलला कुलूप लावतो आणि सोडतच नाही. बाकीचे प्रोग्राम ताटकळत बसतात. मी आज तो पुढे पाठवू देणार नाही."

"हिदायत, माझ्याकडे दोनशे वेळा चालवला. एकदाही अडला नाही."

"मग माझ्याकडे रोज का अडतो? मी तर चुका शोधणाऱ्या डिबगरला स्क्रिप्टच लावून दिलीय. कुलूप लागलं रे लागलं, की ती त्या प्रोग्रामला जागच्या जागी थांबवते आणि त्याचं नाव लिहून घेते."

"आणि परत सोडते कधी?"

"सोडते म्हणजे... थांब हं."

"हिदायत!"

"ती ओळ लिहायची राहिली बहुतेक."

"म्हणजे कुलूपवाल्याला तूच धरून ठेवलंस, आणि दोन आठवडे माझ्या नावानं खडे फोडलेस!"

"हळू बोल गं, लोक बघताहेत. आधी बसायचं कुठे ते बघ."

"सगळं भरलंय. पंख्याखालचं ते एक टेबल तेवढं रिकामं आहे, पण टिश्यूचं पाकीट ठेवून कुणीतरी जागा धरलीय."

"काय माणसं असतात! रांगेत लागल्यापासून बघतोय, तिकडे कुणी फिरकलेलं नाही. लोक बिचारे गरम ताटं घेऊन घिरट्या घालताहेत."

"हिदायत, रांगेत यायच्या आधी तू कुठे गेला होतास रे?"

"जागा धरायला."